विंडोज बदललं आणि अंगठा लागेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी सात वर्षांपासून सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शेतकऱ्यांची ई-केवायसी, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सगळं एकाच संगणकावर. गेल्या ऑक्टोबरात त्या संगणकावर विंडोज ११ (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) टाकलं आणि पुढचे नऊ दिवस माझ्या केंद्रात एकाही माणसाचा अंगठा लागला नाही. त्या नऊ दिवसांबद्दल लिहायचं आहे, कारण यंदाच्या ऑक्टोबरात हीच पाळी आणखी केंद्रांवर आणि घरांवर येणार आहे.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याला पाठबळ देणं थांबवलं. महिनाभर आधीपासून पडद्यावर इंग्रजीत सूचना येत होती. आम्हा केंद्रचालकांमध्ये तिचा एकच अर्थ पसरला: चौदा तारखेनंतर संगणक उघडणार नाही. मीही तेच धरून चालले. खरं तर संगणक त्या दिवशी बंद पडणार नव्हता. थांबणार होते ते फुकट मिळणारे सुरक्षेचे अपडेट. घरगुती संगणकांना नोंदणी करून तेही आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणार होते. संस्थांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत सोय होती. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी सोयाबीन निघायच्या दिवसांत संगणकाला हात लावू दिला नसता.

तालुक्याहून एक जण आला, दोन तास बसला आणि काम करून गेला. माझ्या संगणकावर ३२-बिटचं, म्हणजे जुन्या, कमी क्षमतेच्या प्रकारचं विंडोज १० होतं, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. त्यामुळे जुन्यावर नवं चढत नाही, सगळं पुसून पुन्हा टाकावं लागतं. त्यात डिस्कची मांडणीही जुन्या पद्धतीची होती. तीही बदलावी लागली आणि माझ्या फाइली ठेवलेला डी ड्राइव्हसुद्धा कोरा झाला. "पेन ड्राइव्हवर काही काढून ठेवायचं आहे का?" एवढा एक प्रश्न त्याने विचारला नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, डी ड्राइव्हला काही होत नसतं असंच मी आजवर ऐकत आले होते. सात वर्षांतले अर्जांचे नमुने, पावत्यांच्या नोंदी, गावातल्या लोकांनी सांभाळायला दिलेले स्कॅन, सगळं गेलं. अपडेट मानवला नाही तर दहा दिवसांत जुन्या विंडोजवर परत जाता येतं, असं नंतर एकाने सांगितलं. पण डिस्क पुसल्यावर परत जायला काही उरतच नाही.

तालुक्याहून आलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी फोन उचलेना. इकडे अतिवृष्टीच्या अनुदानाची ई-केवायसी सुरू होती. अंगठ्याचं यंत्र जोडलं की त्याचा लाल दिवा लागायचा, पण पोर्टलला यंत्र दिसायचं नाही. आधारचा ठसा घेणाऱ्या यंत्राला संगणकात त्याची स्वतःची आरडी सर्व्हिस (ठसा पोर्टलपर्यंत पोहोचवणारा प्रोग्रॅम) लागते, ती पुसली गेली होती आणि यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला यंत्र ओळखता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅमही. एक सत्तरीची आजी तीन दिवस येत राहिली. तिच्या आधारला मोबाइल जोडलेला नाही, त्यामुळे ओटीपीचा मार्ग बंद. कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या. तिसऱ्या दिवशी तिने बोटं माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "पोरी, माहे बोटं झिजले का तुही मशीन?" मी सांगितलं, आजी, तुमच्या बोटांचा काही दोष नाही. तिचा त्यावर विश्वास बसला नाही. घरी जाऊन तिने बोटांना तेल लावलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा आली. शेवटी मी तिला एसटीने दारव्ह्याला पाठवलं. तिकडे तिचा अंगठा पहिल्याच वेळी लागला. तिची त्या दिवसाची वेचणीची मजुरी मात्र बुडाली. मला सगळ्यात जास्त हेच सलतं.

प्रिंटरचीही तीच गत झाली. ज्या जुन्या लेझर प्रिंटरवर मी हजारो सातबारे काढले, त्याचा ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा निघाला. ६४-बिटवर तो चालतच नाही. नवा प्रिंटर घ्यावा लागला. मराठी अर्जांचे जे थोडे नमुने ई-मेलमध्ये सापडले, ते कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. फॉन्ट नसल्यामुळे उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसला. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत केलेले चार अर्ज तेवढे जसेच्या तसे उघडले. तेव्हापासून मी सगळं युनिकोडमध्येच करते.

सुटका केली ती यवतमाळला कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका भाच्याने, फोनवरून. यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ६४-बिटचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस उतरवायला त्याने सांगितलं. गावात मोबाइलचंच नेट, तेही संध्याकाळी तळ्याच्या बाजूला जाऊन मिळतं, म्हणून त्यात दोन दिवस गेले. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क यांवर विंडोज ११ सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं घ्यायचं. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क बसवली, रॅम आठ जीबी केली, तेव्हा कुठे रांग पुढे सरकू लागली. शेजारच्या गावच्या केंद्रचालकाला तर "तुमचा संगणक चालणार नाही, नवा घ्या" असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात विंडोज ११ ला लागणारं टीपीएम (संगणकातली सुरक्षेची सोय) त्याच्या संगणकात होतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये बंद होतं.

मी नव्या विंडोजच्या विरोधात नाही. माझ्या टेबलावर लोकांचे आधार आणि बँकेची पासबुकं येतात. सुरक्षेचे अपडेट नसलेल्या संगणकावर ती उघडणं मलाही पटत नाही. तक्रार आहे ती आम्हाला एकटं सोडण्याची. आमच्याकडून शासनाच्या योजना राबवून घेतल्या जातात, पोर्टल बदललं की रात्रीतून संदेश येतो. मग ज्या संगणकावर ते पोर्टल चालतं, त्याबद्दल मराठीत एक पानाचं पत्रक का निघू नये? संगणक ३२-बिटचा आहे की ६४-बिटचा हे कुठे पाहायचं, आधी काय काढून ठेवायचं, अंगठ्याच्या यंत्राचा आणि प्रिंटरचा नवा ड्रायव्हर मिळतो की नाही हे आधी कसं तपासायचं, एवढं त्यात असलं तरी पुरे. आणि बदल चालू असताना वापरायला प्रत्येक तालुक्यात एक जोडणी केलेला जादा संगणक असावा. आठवडाभर तो मिळाला असता तर त्या आजीला एसटी धरावी लागली नसती.

वाढीव मुदत येत्या १३ ऑक्टोबरला संपते. तेव्हा पुन्हा सोयाबीन घरात येत असेल, कापूस फुटलेला असेल आणि केंद्रांपुढे रांगा असतील. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी, जुलैत पीक विम्याची. मोकळे दिवस मार्च-एप्रिलचेच. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी त्या दिवसांतच हे काम करून घ्यावं, आणि जिल्हा प्रशासनाने पत्रक त्याआधी काढावं, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करते.

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्रचालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ