मजूर 'म्हणाला' आणि साहेब 'म्हणाले'

संपादक साहेब, नमस्कार.

रोज पेपर वाचते पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय. गेल्या आठवड्यात तुमच्या एकाच पानावर दोन बातम्या होत्या. वर एका उद्योजकांची, "यांचे वृद्धापकाळाने निधन झाले", फोटो, वय, मागे कोण कोण आहे, सगळं. खाली कोपऱ्यात चार ओळी, "भिंत कोसळून दोन मजूर ठार". नावं नाहीत, वय नाही, आणि त्यातून वाचलेला तिसरा मजूर "म्हणाला" तर बिल्डर "म्हणाले". म्हणजे ज्यांची भिंत पडली ते म्हणाले आणि ज्याच्या अंगावर पडली तो म्हणाला. मी ते तीनदा वाचलं आणि मग मला दुसरं काही वाचवेना.

इंग्रजीत शी म्हणजे शी, मग ती राणी असो नाहीतर झाडू मारणारी बाई. मराठीत तसं नाही, आपल्याला प्रत्येक वाक्यात ठरवावंच लागतं की समोरच्याला किती मान द्यायचा, आणि ते ठरवताना आपण काय बघतो? वय बघतो असं सगळे म्हणतात पण ते खरं नाही. आमच्या ऑफिसात एक शिपाई आहेत, बावन्न वर्षांचे, त्यांना सगळे "अरे, ती फाइल आण" म्हणतात आणि बावीस वर्षांचा नवीन ट्रेनी आला की पहिल्या दिवसापासून "सर, बसा ना". मी पण अनेक वर्षं तसंच बोलत होते, कधी खटकलंच नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना अहो म्हणायला लागले तर पहिले काही दिवस त्यांना वाटलं माझं काहीतरी बिनसलंय, रागावून बोलतेय. इतकी सवय झालेली त्यांना अरे-तुरेची. हे मला अजून सलतं.

बायकांचं वेगळंच. पुरुष असला तर नुसता डॉक्टर, बाई असली की "महिला डॉक्टर", आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न घर आणि नोकरी कसं सांभाळता, जो तिच्या नवऱ्याला कोणी विचारत नाही. जगभरच्या बातम्या एका दिवसात मोजणारा ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट आहे, १९९५ साली त्यांनी मोजलं तेव्हा बातम्यांत दिसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांत बायका १७ टक्के होत्या आणि २०२० साली २५ टक्के. पंचवीस वर्षांत एवढंच.

आणि ते "आंधळा कारभार", "लंगडी सबब", "बहिरं प्रशासन", हे मथळ्यात कशाला लागतं? माझ्या भावाला ऐकू येत नाही. तो प्रशासनापेक्षा खूप जास्त लक्ष देतो समोरच्याकडे, ओठांकडे बघत बसतो एक शब्द सुटू नये म्हणून. त्याने तो मथळा वाचून पेपर घडी करून ठेवला, काही बोलला नाही.

लोक म्हणतील शब्दांनी काय होतं, पोटाचं बघा. पण पोटाचंही तिथूनच सुरू होतं. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोमध्ये दोन संशोधकांनी सारख्याच दर्जाचे बायोडेटा, फक्त नावं बदलून, नोकरीच्या जाहिरातींना पाठवले, तो अभ्यास २००४ साली छापून आला. गोऱ्या माणसांच्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त फोन आले. माणूस बघितला नव्हता, काम बघितलं नव्हतं, नुसतं नाव. मग ज्याचं नाव छापायचीच गरज वाटत नाही त्याच्या पगाराची, हेल्मेटची, नुकसानभरपाईची गरज कोणाला कशी वाटणार हो?

माझी मागणी फार मोठी नाही. एक महिना बातमीत सगळ्यांना "म्हणाले", "म्हणाल्या" लिहा, मजुराला, ड्रायव्हरला, घरकाम करणाऱ्या बाईंना, सगळ्यांना. जागा कमी पडते हे कारण मला पटत नाही, "म्हणाला" आणि "म्हणाले" मध्ये अक्षरं सारखीच आहेत. अपघातात गेलेल्या माणसाचं नाव घरच्यांना विचारून छापा. आणि त्या दोन मजुरांची नावं कळली असतील तर उद्याच्या अंकात द्या, आठवडा झाला तरी द्या, मी वाट बघतेय.

तुमची एक वाचक