घुमटवाल्या काकांना, देव बरें करूं

काका, नाव लिहू नको असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं काकाच म्हणते. चतुर्थी होऊन गेली, गणपतीवर बांधलेली फळापानांची माटोळी उतरवून झाली, पण तो दिवस आठवला की अजून गळा दाटून येतो, शेवटी लिहायलाच बसले.

आमच्या लेकाला, बाबूला, ऑटिझम आहे, म्हणून मी, नवरा आणि सासूबाई त्याबद्दल लोकांना सांगत फिरतो हे आता फोंड्यात बऱ्याच जणांना माहीत झालंय. सासूबाई तर बाजारात भाजी घेता घेता पत्रक हातात ठेवतात. २ एप्रिलला जागतिक ऑटिझम दिन, त्या दिवशी निळे कपडे घालून फोटो निघतात, बरं आहे, पण उरलेलं वर्ष काय? एका मंडळाने तोंडावर सांगितलं की सणात असले विषय नकोत, मूड जातो. डीजेने जात नाही, आमच्या पाच मिनिटांनी जातो! एक बाई अडूनच बसल्या की लसीमुळे झालं, ज्या १९९८ च्या लेखामुळे ही अफवा उठली तो लॅन्सेटने २०१० मध्येच मागे घेतला हे सांगून माझा घसा सुकला, त्यांचं आपलं चालूच. कोणी म्हणतं मोबाईल दिला म्हणून, कोणी म्हणतं गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं घालतोच की, पण मेंदूची जडणघडणच वेगळी आहे, ते काय बाधा उतरवल्यासारखं उतरणार?

तर तुमच्याकडे हो म्हणाले, आरतीनंतर मी बोलणार होते. आणि आरती सुरू झाली न झाली तोच बाबूने कान दाबले, किंचाळला, खाली लोळायलाच लागला. आपल्याला कांसाळीच्या झांजा मंगल वाटतात, त्याला तोच आवाज डोक्यात खिळे ठोकल्यासारखा. मागून कोणीतरी म्हणालं, बाहेर न्या त्याला. मी उचलायला वाकलेच होते.

तुम्ही हात वर केलात आणि सगळं थांबवलंत. गणपतीसमोरची आरती, अर्ध्यात! तुमचं ते मातीचं वाद्य, घुमट, मांडीवरून काढून बाबूपासून जरा लांब जमिनीवर ठेवलंत, त्याच्याकडे न बघता बसून राहिलात आणि मला हळूच विचारलंत, "ताका कितलो आवाज चलता?"

काका, हे आम्हाला कधी कोणी विचारलंच नव्हतं हो. असा का वागतो, कधी बरा होणार, दुसरं मूल का नाही, हे सगळे विचारतात. कांसाळी बाजूला, शामेळाचा ठेका हळू, आणि बाबूने सरकत येऊन घुमटाच्या चामड्यावर तळहात ठेवला, तुम्ही एका बोटाने वाजवत राहिलात. मग मी काय बोलले मला आठवत नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी पत्रकं मागून घेतली.

अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे, मुलांच्या हक्काचं बरंच लिहिलंय त्यात, पण आरतीत कुणासाठी हात आवरता घ्यावा हे कुठला कायदा शिकवणार? ते माणसात असावं लागतं. मोठमोठ्या शिकलेल्यांत नाही दिसलं, तुमच्यात दिसलं, आणि तुम्हाला त्यात विशेष काही केलं असंही वाटलं नाही.

तुमचा तो शामेळवाला पोरगा विचारत होता, त्याच्या वर्गात असाच एक मुलगा आहे, त्याच्याशी बोलायचं कसं. त्याला घेऊन घरी या, नेवऱ्या उरल्यात अजून, आणि सासूबाईंना त्याच्या वर्गासाठी पत्रकांचा गठ्ठा द्यायचाय.