‘लोंढे’ हा शब्द आता तरी थांबवा

संपादक महोदय, नमस्कार.

भूमध्य समुद्रात बोट बुडाली की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘स्थलांतरितांचे लोंढे’ हे शब्द ठरलेलेच. तुमच्याकडेही आणि इतर ठिकाणीही. अरब स्थलांतराबद्दल मिळेल ते मी गेली बरीच वर्षं वाचतोय आणि हा शब्द दिसला की दरवेळी चीड येते, म्हणून आज लिहायलाच बसलो. अहो, लोंढा पुराच्या पाण्याचा असतो, त्याला ना गाव ना घर ना मागे कुणी वाट बघणारं. माणसांना तो शब्द लावला की बातमीत किती आले आणि कोणी किती घेतले एवढंच उरतं, कुठून निघाले आणि का, हे कुणी विचारत नाही.

आणि हे काही २०१५ साली सीरियन माणसं मोठ्या संख्येने युरोपात पोचली तेव्हा सुरू झालेलं नाही. १८८० च्या आसपास माउंट लेबनॉनमधून, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या डोंगराळ भागातून, जो तेव्हा तुर्कांच्या ऑटोमन राज्यात होता, माणसं बाहेर पडायला लागली. तिथे घरोघरी रेशमाचे किडे पाळायचे, डोंगरउतारावर तुतीची झाडं, पण चीन-जपानचं स्वस्त रेशीम बाजारात आलं, भाव पडले आणि घरातलं एक पोरगं तरी बोटीत बसवायची वेळ आली. बैरूतहून मार्सेय, तिथून न्यूयॉर्क नाहीतर ब्राझील, अर्जेंटिना. कागदावर ऑटोमन असल्यामुळे दक्षिण अमेरिकेत सरसकट सगळ्यांना ‘तुर्को’ म्हणायचे, जरी ती अरबी बोलणारी माणसं होती. पाठीवर पेटी, त्यात सुया, दोरे, बटणं, लेस, जपमाळा, आणि खेडोपाडी दारोदार फिरून विक्री. डोळ्यात खुपऱ्या निघाल्या तर अमेरिकेच्या बंदरातून परत पाठवायचे, त्यात कधी आई आत आणि मूल परत असंही व्हायचं.

याच माणसांच्या बाबतीत जे १९१५ नंतर झालं ते वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. महायुद्ध सुरू, समुद्रावर ब्रिटन-फ्रान्सची नाकेबंदी, ऑटोमन लष्कराने धान्य उचललेलं आणि त्यातच टोळधाड. माउंट लेबनॉनमध्ये अंदाजे दोन लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली, आणि तिथली एकूण वस्तीच चारेक लाखाची. तिकडे न्यूयॉर्क, साओ पावलोमध्ये मुलांच्या हातात पैसे होते पण पाठवायची वाटच बंद पडलेली, ज्या आईसाठी घर सोडलं तिला चार घास पोचवता येईनात. युद्ध संपल्यावर घरी पत्रं गेली तेव्हा कित्येक घरांत ती वाचायला कुणी उरलं नव्हतं. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेने कोटा आणला, लेबनॉन धरून सीरियाच्या वाट्याला वर्षाला फक्त १०० माणसं, म्हणजे उरल्यासुरल्या नातेवाइकांना बोलावून घ्यायचा रस्ताही जवळजवळ बंद झाला.

१९४८ चं लिहायला बसलो तर पत्र पुरणार नाही. इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात सात लाखांवर पॅलेस्टिनी घराबाहेर पडले, कित्येकांनी थोड्या दिवसांत परत येऊ म्हणून कुलूप लावून किल्ली बरोबर नेली, त्या किल्ल्या आज नातवंडांकडे आहेत.

मोरोक्कोचं मात्र सांगायलाच हवं कारण ते आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. १९६० आणि ७० च्या दशकात फ्रान्सच्या कोळसा खाणींना मजूर हवे होते. फेलिक्स मोरा नावाचा माजी लष्करी माणूस मोरोक्कोच्या दक्षिणेकडे गावोगाव जायचा, तरुण पोरं उघड्या अंगाने रांगेत उभी, दात बघायचे, दंड चाचपायचे आणि छातीवर शिक्का मारायचे. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे घरी जा. जनावरांच्या बाजारात करतात तसं, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये. हजारो पोरं अशी गेली, करार थोड्या मुदतीचे म्हणजे तिथे मूळ धरायला नको, आणि खाणी बंद पडल्यावर पुष्कळांच्या हातात काय राहिलं तर फुप्फुसात बसलेली धूळ. सिलिकोसिस.

आता सीरिया. २०११ मध्ये यादवी युद्ध सुरू होण्यापूर्वी सव्वादोन कोटीच्या आत-बाहेर लोकसंख्या, त्यातली निम्मी घर सोडून गेली, पण त्यातले बहुतेक युरोपात गेलेच नाहीत हो! देशातच इकडेतिकडे, नाहीतर शेजारी तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डनमध्ये. लेबनॉनसारख्या एवढ्याशा देशाने लाखो माणसं सामावून घेतली, आणि ‘लोंढ्या’ची हेडलाइन मात्र युरोपच्या नावाने.

जून २०२३ मध्ये ग्रीसच्या पिलोसजवळ मासेमारीची बोट बुडाली. साधारण ७५० माणसं होती, इजिप्शियन, सीरियन, पॅलेस्टिनी, पाकिस्तानी. वाचले १०४, सगळे पुरुष. बायका आणि मुलं खालच्या भागात बसवली होती.

अल्जीरिया, ट्युनिशियात अशा जाणाऱ्यांना ‘हर्रागा’ म्हणतात, म्हणजे जाळणारे, कारण परत पाठवू नयेत म्हणून ते आपली ओळखपत्रं जाळून टाकतात. तेव्हा समुद्रात गेलेल्याचं नाव सापडणारच नाही. ट्युनिशियात झार्झिस नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथे वाहून आलेल्या अनोळखी मृतदेहांसाठी वेगळी दफनभूमी बांधली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच गावची १८ माणसं बोटीतून निघाली आणि बेपत्ता झाली. घरचे शोधत राहिले, आणि मग कळलं की त्यातल्या काहींना त्याच अनोळखी लोकांच्या दफनभूमीत ओळख न पटवताच पुरलंय, स्वतःच्या गावात. कबरी उघडायला लावायला, डीएनए तपासणी करून घ्यायला आयाबहिणी रस्त्यावर बसल्या, ऑक्टोबरमध्ये अख्खं गाव बंद ठेवलं.

पुढच्या वेळी बोटीची बातमी लावताना एवढं करा, कुठल्या गावची माणसं होती ते शोधून छापा.

आपला एक नियमित वाचक