चढणीच्या माशांना वाट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरग तोंडावर आला की आमच्या खानापूर भागात चढणीच्या माशांची बोलणी सुरू होतात. पहिल्या पावसाचं तांबडं पाणी मलप्रभेत उतरलं की पोटात अंडी घेतलेले मासे धारेच्या उलट ओढ्यांतून, भातशेतांतून वर चढतात. नेमकं तेव्हाच रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या तोंडाला आडवं जाळं बांधलं जातं. मग दिवाळीनंतर तेच लोक विचारतात, नदीत मासाच कसा नाही?

मासेमारी बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यापासून नदीकाठी गळ टाकून बसणं हाच माझा उद्योग आहे.

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक बर्फाला गिरमिटानं भोक पाडून गळ सोडतात. नवा, स्वच्छ बर्फ निदान चार इंच असल्याशिवाय त्यावर चालू नये, असं तिथलं खातं सांगतं. सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला परवाना लागतो. बर्फातून फार तर दोन गळ, एरवी एकच. उरलेलं जिवंत आमिष तळ्यात ओतायला मनाई. वॉलाय नावाच्या माशाला बारका जिवंत मासा लावतात म्हणे. आपल्याकडं बर्फ रसवंतीतच बघायचा, तेव्हा तो भाग सोडा. पण तिथं पोरासोरांनाही नियम पाठ असतात, याचा मला हेवा वाटला.

कायदा आपल्याकडंही आहे, तोही १८९७ चा. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं तेव्हापासून गुन्हा आहे. तरी उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर पडतेच. त्यात बोटभर पिल्लूही वाचत नाही, आणि खाली त्याच पाण्यावर गुरं येतात.

गळानं धरणाऱ्याला हे उपद्व्याप लागत नाहीत, मासा ओळखता आला की झालं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात चरतो. त्याला शेंगदाण्याची पेंड मिसळलेला कणकेचा हलका गोळा, गळ फार खोल न सोडता. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. मृगळाला शिसं लावून गोळा पार खाली टेकवावा. वाम रात्रीची, तिला गांडूळच हवं. चिलापी काहीही खाते. १९५२ साली बाहेरून देशात आणलेली ही जात, ती हवी तेवढी धरा. मरळीला गवताच्या कडेनं जिवंत बेडकी लावतात. मात्र पाण्यावर लालसर पिल्लांची झुंड दिसली तर तिथं गळ टाकू नये. खाली मरळ राखणीला असते. तिला उचललंत की बाकीचे मासे ती पिल्लं फस्त करतात.

माझी मागणी एवढीच. मत्स्यखात्यानं आणि ग्रामपंचायतींनी मिळून पाट्या लावाव्यात: सुरुंग नको, विष नको, चढणीच्या दिवसांत मोरीला जाळं नको. पाटी कन्नड आणि मराठी दोन्हींत हवी, कारण जाळं लावणारे दोन्हीकडचे आहेत. आणि ती पंचायतीच्या व्हरांड्यात नको, मोरीच्या कठड्यावरच हवी. मे संपायच्या आत लागली तर यंदाच्या चढणीला उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, खानापूर (जि. बेळगाव)