दादरच्या त्या अनोळखी सेवकाचे आभार

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर माझे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसातून 4-5 वेळा मी स्वतःच कॅथेटर, म्हणजे एक बारीक नळी, मूत्रमार्गातून घालून लघवी काढतो. गेल्या महिन्यात कल्याणहून येणारी लोकल वाटेत तासभर खोळंबली आणि दादरला उतरेपर्यंत ओटीपोट दगडासारखे झाले होते. स्थानकाबाहेरच्या सार्वजनिक शौचालयात शिरलो खरा, पण हात इतके थरथरत होते की नळी फरशीवर पडली आणि निरुपयोगी झाली. पिशवीत आता एकच उरली होती.

तेथील सेवकाने काहीही न विचारता नळाजवळ जागा करून दिली, साबणाची नवी वडी उघडली, आणि माझी पिशवी ठेवण्यासाठी स्वतःचे स्टूल पुसून त्यावर त्या दिवसाचे, बहुधा अजून न वाचलेले, वर्तमानपत्र अंथरले. "सावकाश होऊ द्या काका, दाराशी मी उभा आहे," एवढेच ते म्हणाले. घाईने नळी रेटली तर मूत्रमार्गाला इजा होते हे मला ठाऊक होते, तरी हात स्थिरावले ते त्या शब्दांनी.

संकोचामुळे त्यांचे नाव विचारायचे राहून गेले. त्यांचे, आणि इस्पितळात न कंटाळता मला हे सारे शिकवणाऱ्या परिचारिकेचे मनःपूर्वक आभार.