त्याने वजीर मारलाच नाही तर?

हॅम्बुर्ग, रविवार रात्र

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दादाचा मुलगा सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात जाऊ लागल्याचे वाचून फार आनंद झाला. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या मंडळासाठी एवढे कष्ट घेतले, तेथे आपल्या घरातले मूल पटावर बसते आहे. तो केवळ सापळे लावून डाव जिंकू पाहतो, त्याला आवरावे का, असे आपण विचारले आहे. उत्तरादाखल माझेच दोन डाव सांगतो.

गेल्या महिन्यात क्लबच्या आठ पटांच्या साखळी सामन्यात मी एच ७ या घरातले प्यादे उंटाने मारून शह दिला. राजाने उंट मारला आणि मी घोडा जी ५ वर आणून पुन्हा शह दिला. राजा जी ८ वर परतला, तर वजीर एच ५ वर आणून हल्ला कसा चालवायचा, हे मी तीनदा मोजले होते. मात्र तो जी ६ वर पुढे येईल, ही मला नकोशी असलेली चाल मी एकदाही मोजली नाही. तो पुढेच आला, माझा हल्ला विरला आणि संघाचा गुण गेला. परतताना गाडीत आपला प्रश्न आठवत होता. भडंग खाता खाता आपण दरवेळी विचारायचात, "त्याने मारलेच नाही तर?"

आज पांढरी मोहरी होती. काळ्याच्या उंटाने जी ४ वरून माझा घोडा वजिरासमोर जखडला होता, म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर उघडा पडणार. मी आधी प्यादे एच ३ वर सरकवले, उंट एच ५ वर गेला, आणि मग मी वजीर उघडा टाकून त्याच घोड्याने ई ५ चे प्यादे मारले. अठराव्या शतकातील पॅरिसचे लेगाल, म्हणजे त्या काळचा अव्वल खेळाडू फिलिदोर याचे गुरू, यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मात आहे. उंटाने वजीर मारला की माझ्या उंटाचा एफ ७ वर शह, राजा ई ७ वर, आणि दुसऱ्या घोड्याने डी ५ वरून मात.

प्रतिस्पर्ध्याने वीस मिनिटे विचार केला आणि वजिराला हात लावला नाही. सी ६ वरच्या घोड्याने माझा घोडा मारला. मग माझ्या वजिराने एच ५ वरचा उंट घेतला, त्याच्या घोड्याने सी ४ वरचा माझा उंट घेतला, आणि वजिराने बी ५ वरून शह देत मी तो घोडाही परत मिळवला. हिशेबाअंती एक प्यादे माझ्याकडे जास्त राहिले, आणि चार तासांनी त्याच प्याद्यावर डाव जिंकला.

प्यादे एच ३ वर न सरकवता मी ई ५ चे प्यादे मारले असते, तर ई ५ वर आलेल्या त्याच्या घोड्याने जी ४ वरच्या उंटाला जोर दिला असता आणि एका प्याद्याच्या बदल्यात माझा घोडा गेला असता. दोन्ही मांडण्या दादाच्या मुलापुढे ठेवा, एका प्याद्याच्या चालीने काय बदलले ते मात्र सांगू नका. त्याला स्वतःच शोधू द्या, आणि काय सापडले ते त्याच्याच हस्ताक्षरात मला कळवायला सांगा.

आईला साष्टांग नमस्कार.

आपला,
धाकटा