कवट्यांमागचे फोटो शोधून देणाऱ्या काकांना

काका,

साष्टांग नमस्कार.

त्या रात्री फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "बरं बरं, झोप आता" म्हणून फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण मी तेव्हा जे करायला निघाले होते तेच आजही कुणीतरी करायला निघालं असेल.

आमच्या दिंडीचं पन्नासावं वर्ष होतं. स्मरणिकेचे फोटो आठ दिवसांत छापखान्यात पोचवायचे होते. २०१६ पासूनची वारी माझ्याकडे आहे. मधली २०२० आणि २०२१ तेवढी नाही, कारण त्या दोन वर्षी पायी वारीच झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. सगळे फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले मूळ कच्चे, एकेक फाइल पंचवीस एमबीच्या आसपास. लॅपटॉप गच्च भरला म्हणून एका दुपारी सगळी फोल्डरं उचलून नव्या हार्ड डिस्कवर टाकली. संध्याकाळी डार्कटेबल उघडलं, म्हणजे फोटो लावून ठेवायचं आणि सुधारायचं माझं सॉफ्टवेअर. काही थंबनेल जुनीच दिसत होती, बाकी सगळीकडे कवट्या; फोटो जागेवर सापडला नाही की डार्कटेबल कवटी दाखवतं, हे मला नंतर कळलं. दिवे घाटाचा चढ, नीरेचं स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळ्यांच्या जागी कवटी. इतक्या वर्षांचं काम गेलं असंच वाटलं.

मी सगळे रोल (डार्कटेबलमध्ये एका फोल्डरचा एक रोल) सिलेक्ट करून 'रिमूव्ह' दाबणार होते. म्हटलं, यादी कोरी करू आणि नव्या डिस्कवरून पुन्हा इम्पोर्ट करू. त्याआधी तुम्हाला फोन लावला एवढं एकच शहाणपण सुचलं.

तुम्ही म्हणालात, "थांब. काहीही काढू नकोस. आधी सांग, नव्या डिस्कवर प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी फाइल आहे का?"

होत्या. फक्त २०१८ च्या फोल्डरात नव्हत्या. तिथे मी नुसत्या एनईएफ, म्हणजे रॉ फोटोंच्या फाइली निवडून हलवल्या होत्या आणि त्या काही केबीच्या फाइली कचरा समजून पुसून टाकल्या होत्या. हे सांगताना माझा आवाज बसला. तुम्ही रागावला नाहीत. तुमच्या स्टुडिओतल्या निगेटिव्हच्या कपाटाची गोष्ट सांगितलीत. पाकिटावर नंबर, तोच नंबर रजिस्टरात, पुढे गिऱ्हाइकाचं नाव आणि कपाटाचा खण. "कपाट दुसऱ्या खोलीत नेलं तर रजिस्टर फाडतात का गं? खण खोडून नवा लिहितात."

इतकी वर्षं डार्कटेबल वापरून मला हे कळलं नव्हतं. इम्पोर्ट म्हणजे फोटो त्याच्या पोटात जातात असं मी धरून चालले होते. खरं तर फोटो डिस्कवर आहे तिथेच राहतो. डार्कटेबल आपल्या डेटाबेसमध्ये त्याचा पत्ता लिहून ठेवतं, आणि आपण केलेले बदल, तारे, टॅगही तिथेच नोंदवतं. त्याचीच प्रत फोटोशेजारच्या एक्सएमपीत जाते. २०१८ ची ती प्रत मी पुसली होती, म्हणजे त्या वर्षाचं काम फक्त रजिस्टरात उरलं होतं. आणि तेच रजिस्टर मी फाडायला बसले होते.

मग तुम्ही एकेक पायरी सांगत गेलात. डावीकडच्या कलेक्शन्समध्ये जुन्या रोलवर राइट क्लिक, 'सर्च फिल्मरोल', नव्या डिस्कवरचं फोल्डर दाखव. पहिल्या रोलच्या कवट्या गेल्या आणि दिवे घाट परत आला, माझ्या क्रॉपसकट, माझ्या रंगांसकट. २०१८ चा रोल जोडल्यावर तुम्ही दुसरं काही करू दिलं नाहीत. सगळे फोटो निवडायला लावून 'राइट साइडकार फाइल्स' दाबायला लावलंत. फोल्डरात एक्सएमपी एकामागून एक उमटताना मी नुसती बघत बसले होते. रात्रीचा एक वाजून गेला होता आणि तुम्ही अजून फोनवर होतात.

पुढचे दोन रविवार तुम्ही मला स्टुडिओत बसवून घेतलंत, तेही सांगायला हवं. कार्ड घातलं की 'अ‍ॅड टू लायब्ररी' नाही, 'कॉपी अँड इम्पोर्ट', म्हणजे फोटो कार्डावरून थेट तारखेच्या फोल्डरात उतरतात. दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पहिल्या फेरीत नुसतं आर दाबून नको असलेले रिजेक्ट करायचे, पण त्याच रात्री डिलीट करायचे नाहीत. फोल्डर हलवायचं असेल तर डार्कटेबलमधूनच हलवायचं. रिंगणात घोड्याचे लागोपाठ चाळीस फोटो येतात, त्यांचा एक ग्रुप करून वर एकच ठेवायचा.

टॅगांचं मात्र मला सगळ्यात जास्त पटलं. मी 'भक्ती', 'आनंद' असले टॅग लावत होते. तुम्ही विचारलंत, "भक्ती शोधलीस तर किती फोटो निघतील?" जवळजवळ सगळेच निघाले. आता टॅग असा लिहिते: वारी, मग उभी रेघ, मग गाव, म्हणजे 'वारी|तरडगाव', आणि वेगळ्या टॅगात दिंडीचा नंबर. छापखान्यातून फोन आला, "तरडगावचा एखादा उभा फोटो आहे का?" तेव्हा फोन चालू असतानाच तो काढून दिला.

काका, स्मरणिका छापून आली आहे. एक प्रत या पत्रासोबत तुमच्यासाठी ठेवली आहे, रविवारी घेऊन येते. चौदाव्या पानावर दिवे घाटाचा २०१८ चा फोटो आहे, पताका आणि वर भरून आलेलं आभाळ. तो तुम्ही बघाल तेव्हा मला समोर बसायचं आहे.

तुमची,
शेजारच्या गल्लीतली फोटोवाली